झील

अल रम्सच्या पालिकेने सभागृहाचा एसी
पहाटेपासूनच अठरावर ठेवला होता.
माझ्याकडे वायरी, माइक, खुर्च्या
आणि पाहुण्यांचं पाणी.

पाहुण्या सात यायच्या होत्या.
आली एकटी मान्नी,
छातीवर चांदीचा उपडा वाडगा,
गळ्यात इतक्या साखळ्या
की दारातलं यंत्र तीनदा कोकललं.

तिचं गाव बर्फातलं.
अर्धं दफन सरहद्दीपलीकडे, म्हणाली,
पूर्वजांना भेटायलाही शिक्का लागतो.
तिथली ग्रामपालिका इथल्याहून लहान,
शिक्का मात्र तेवढाच गोल.

"आम्ही सेतो.
एकीने ओळ सोडायची,
बाकीच्यांनी तिचं शेपूट धरायचं."
बाकीच्या व्हिसात अडकलेल्या.

तिने ओळ सोडली.
शेपूट हॉलभर लोंबत राहिलं,
एसीच्या वाऱ्यात जरासं हललं.
अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मागून खल्फान खाकरला.
त्याचा बाप मोत्यांच्या पडावावर
वल्ह्यांना गाणं पुरवायचा.
शब्द कळेना,
पण शेवटची दोन अक्षरं त्याने उचललीच,
दोरखंड ओढावा तशी,
खरखरीत, मीठ लागलेली.

आणि मग मी.
देवरुखकडच्या नमनात
मी कधी गवळण झालो नाही, संकासुर झालो नाही,
झील धरायचो, मागे उभा राहून.
तेवीस वर्षांत इथे
वायरींखेरीज काय येतं
ते कुणी विचारलं नव्हतं.
मान्नीनेही नाही विचारलं.
नुसती वळली
आणि पुढची ओळ जरा सावकाश सोडली.

अहवालात मी लिहिलं:
उपस्थिती एकोणीस, ध्वनिव्यवस्था ठीक.
माइक खरं तर
चालू करायचाच राहिला होता.