लाल खडू

शिबिराचा तेरावा दिवस.
सकाळचे सहा. छत्रीबागेमागच्या मैदानावर
माळव्यातल्या रात्रीचा गारवा अजून मातीत मुरलेला.
सागवानी खांबाला एरंडेल चोळता चोळता
मी पोरं मोजते.
एकतीस, बत्तीस.
तेहेतिसावं नाही.

काल निंबाला फळा टांगला होता.
हिरव्या खडूनं मूग, काकडी, ज्वारी, ताक.
लाल खडूनं समोसा, कचोरी, पुडीतले वेफर्स,
आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरांत, शेव.
पोरं खो खो हसली.
"मैम, पोहे पे क्या डालें फिर?"
खरंच आहे. इथं पोह्यांवर शेव, खिचडीवर शेव,
भाजी नसली तर शेवेचीच भाजी,
आणि पलकचा भाऊ म्हणे आमरसातही घालतो.
मी पण हसले. मग गंभीर होऊन म्हणाले,
तळणीचं तेल हळूहळू साचत जातं अंगात,
आणि पुढचंही बरंच काही,
जे प्रशिक्षणाच्या वहीतून मला पाठ आहे.

पीयूष नेमा तेवढा हसला नाही.
त्यानं दोन्ही तळवे नाकाशी नेले
आणि चड्डीला पुसले.

अकरा वर्षांचा. साधी अढी दुसऱ्या दिवशी,
आठवड्यात दसरंग. मी विचारलं होतं,
खांदे असे लावायला कुठं शिकलास रे?
म्हणाला, घरी.

घर मल्हारगंजात, दुकानाच्या मागं.
कढईसमोर लाकडी पाटावर तो उभा,
झाऱ्यावर पिठाचा गोळा,
आणि त्याचा तळवा पुढं, पुढं, पुढं.
कोपर ताठ. जोर कमरेतून.
दाबाबरोबर श्वास बाहेर.
बत्तीस जणांना मी घसा फोडून सांगते
ते सगळं तिथं चालू होतं, न सांगता.
पिवळ्या तारा तेलात पडत होत्या.
लवंगेचा वास डोळ्यांत चढत होता.

वडील म्हणाले, बसा मैम.
कालपासून हा शेव खात नाही.
पाडतो, पण खात नाही.
मूग भिजवायला सांगितलेत आईला.
मग थोडं थांबून, कढईकडं बघत,
"आपकी ग्यारह सौ फीस भी इसी में से निकली थी."
चिडून नव्हे. हिशेब सांगावा तसं.

वहीत याचं उत्तर नव्हतं.
तेलाबद्दल मी खोटं बोलले नव्हते,
हे मला तेव्हाही माहीत होतं, आत्ताही आहे.
माझ्या वडिलांना छप्पन्नाव्या वर्षी नेलं ते त्याच साचण्यानं.
पण लाल खडूनं मी काय काय खोडलं
ते त्या पाटावर उभं होतं,
माझ्याकडं न बघता.

कागदावर गरम शेव आली. मी खाल्ली.
चांगली होती. जीभ पोळली.
"उद्या ये," एवढंच म्हणाले त्याला,
"फरारा शिकवायचाय."

चौदावा दिवस. आला, उशिरा.
हात घासून लाल केलेले,
तरी नखांत बेसन.
खांबावर चढला तेव्हा एरंडेलाच्या वासात
एक खमंग रेघ वर गेली
आणि टोकाशी जाऊन उलटी झाली,
डोकं खाली, हात मोकळे, पाय आभाळात.
खालची पोरं एकदम गप्प.

नंतर मूग वाटले. लिंबू पिळलं.
पीयूषनं खिशातून पुडी काढली,
माझ्याकडं पाहिलं.
मी फळ्याकडं पाहिलं. रात्रीच्या दवानं
लाल अक्षरं थोडी ओघळली होती, पुसली नव्हती.
मी माझी वाटी पुढं केली.

दोन बोटांत मावेल तेवढी,
एकेका वाटीवर, तेहेतीस वाट्या आणि माझी.
प्रत्येकीत किती पडली
ते मी मोजत होते.
सवय.