शिंपल्याची दाढी

केमचीच्या धक्क्यावर आईची तीस वर्षं गेली
शिंपल्यांची दाढी उपटण्यात.
काळी, चिवट, बोटभर लांब,
जिच्या जोरावर शिंपला दोराला धरून राहतो,
भरती असो, ओहोटी असो, दक्षिणेचं वारं सुटो.
कंपनीला ती नको असायची.
टोपल्यांनी जायची कचऱ्यात. मांजरंही तोंड लावत नसत.

मग वाल्दिव्हियाहून एक बाई आली, डॉक्टर ओयार्सो,
बूट चिखलाने माखलेले, हातात बर्फाची पेटी.
"तुमचा कचरा द्या," म्हणाली, "विकत घेते."
आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पैसे मोजून घेतले.
"ओल्याला काही चिकटत नाही," बाई जाताना म्हणाली,
"हे सगळ्या गोंदांना ठाऊक आहे.
तुमच्या शिंपल्याला कोणी सांगितलेलं नाही."

चार वर्षांनी बुताचाउकेस बेटावर, माझ्या दवाखान्यात
चाचणीच्या शिक्क्याची सहा पाकिटं आली.
पिचकारीत पाण्यासारखं काहीतरी.
बरंचसं पाणीच, असं कागदावर लिहिलेलं.
मी परिचारिका. पाण्याने रक्त थांबतं
यावर माझा विश्वास नव्हता.
पाण्याने रक्त धुतात.

जूनमधला मंगळवार. धुकं इतकं की लाँच निघेना.
नोल्बेर्तो चिगुआयला चौघांनी दारावर निजवून आणलं.
कोठाराचं दार, बिजागरीसकट उखडलेलं.
करवत मांडीत शिरली होती, अगदी जांघेशी,
जिथे पट्टा आवळायला जागाच उरत नाही.
रक्त वाहत नव्हतं, उसळत होतं,
ठोक्याठोक्याला, कोणी आतून ढकलतंय असं.
गॉज भिजला. दुसरा भिजला.
तिसरा माझ्या हाताखालून तरंगत निघाला.

पाकीट दातांनी फाडलं.
नळी जखमेत, तळापर्यंत,
डोळ्यांनी नव्हे, बोटाने वाट शोधत.
दट्ट्या दाबला. तळहात ठेवला.
साठपर्यंत मोजायचं होतं.
बाराला हात घसरला.
तिसाला हाताखाली काहीतरी जड झालं,
दही लागताना भांडं गप्प होतं तसं.
साठला मी हात उचलला नाही.
दोनशे झाले तरी नाही.
त्याचा भाऊ म्हणाला, "सिस्टर, थांबलंय."
मी म्हटलं, "गप."

लाँच दुपारी निघाली.
जखमेची एक कड पाझरत होतीच. सगळं नाही धरत ते.
कागदावर तेही होतं, बारीक अक्षरात.
कास्त्रो येईपर्यंत तो ओठ हलवत होता,
प्रार्थना की शिव्या, कळलं नाही.

आता तो बसून सूप पितो आणि कुरकुरतो
की मांडीला ओहोटीचा वास येतो.
डॉक्टर ओयार्सो फोनवर हसल्या, जेलला वासच नसतो म्हणे.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मात्र शपथेवर सांगतो, येतो.

आईला सगळं सांगितलं.
ती घरीच असते आता. बोटं वाकलीत, मूठ मिटत नाही.
ऐकून घेतलं. कौतुक वगैरे काही नाही.
फक्त विचारलं,
"मग काढलं कसं? कुठल्या बाजूला ओढलंत?"
"ओढावं लागत नाही, आई.
दुसरं एक औषध टाकलं की विरघळतं."
ती बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिली.
"बिजागरीकडे ओढायचं असतं," म्हणाली,
"नाहीतर आतलं मांस फाटतं."