नऊ नंबर

शिवोलीच्या पुलाच्या अलीकडे, पाणी तळाला गेलं की
आम्ही साखळ्या तपासतो,
मे संपायच्या आत. पगारी माणूस क्लबात एकही नाही,
चहाच्या किटलीलासुद्धा पाळी लागते.
आग्नेल म्हापशाचा दंतवैद्य, म्हणून कड्यांची झीज त्याच्याकडे:
तो कॅलिपर लावतो, दाढेत वाकून बघावं तसा,
आणि ओरडतो, "तेराची दहा राहिलीय, काढावी लागेल!"
वही माझ्याकडे. बारा वर्षांपूर्वीच्या सभेत
पेन फक्त माझ्या पर्समध्ये निघालं, एवढीच पात्रता.

चौदा बोये. प्रत्येकाखाली काहीतरी जड:
सिमेंटचा ठोकळा, बार्जीचं इंजिन, रुळाचा तुकडा.
नऊपुढे माझ्याच अक्षरात आहे,
"रगडा, काळा दगड, सगुण पार्सेकर यांच्या आईचा.
घरात मिक्सर आल्यावर दिला."
ज्यात तीस वर्षं खोबरं वाटलं
तो आता चिखलात बसलाय, खळग्यात गाळ घेऊन.

सगुण पार्सेकर चोपड्याच्या फेरीबोटीवर सुकाणूला होता,
पूल झाला तोवर.
मग त्याने जुनी होडी घेतली, शीड चढवलं, नाव ठेवलं 'तिसरी'.
शर्यतीत ती तिसरी कधीच आली नाही.

डिसेंबरात आम्ही भरतीवर बसून
वर कामुर्ली, कोलवाळपर्यंत सफरीला जातो.
पुलाखाली सगळ्यांनाच डोलकाठी आडवी करावी लागते.
पोरं वर बघून हाका मारतात, घुमलेलं ऐकायला.
तो दोऱ्या आवळत राहायचा.
वर बघायचा नाही.

शर्यतीचा नियम असा, की शेवटी येईल त्याने
मार्गावरच्या खुणा उचलून आणायच्या.
पाच मिनिटांचा भोंगा झाला
(तोही त्याच फेरीबोटीचा, त्यानेच मागून आणलेला)
की रेषेवर खेटाखेटी, शिव्या, शिडांची फडफड,
आणि 'तिसरी' मागे कुठेतरी
कोणाची उडालेली टोपी वल्ह्याने काढत.
वाऱ्याने दगा दिला, असं दर वेळी सांगायचा.
दिवेलागणीला तीन नारिंगी फुगे होडीत घेऊन यायचा,
बाजारातून कलिंगडं आणावीत तसा.

आता तो मुलाकडे असतो, स्विंडनला.
तिथेही नदी आहे म्हणे, पण तिला भरती येत नाही.
'तिसरी' विकली. नवाचे पैसे मात्र दर एप्रिलला येतात,
आणि यादीत सहाजण ताटकळलेत.
समितीने ठरवलं. पत्र मी लिहिलं,
तीनदा खोडून, कारण "कळविण्यात येते" हे
त्याला कसं कळवायचं.
लिहिलं, नऊ नंबर ईवा फुर्तादोला दिलाय, सोळा वर्षांची आहे,
साखळी नवी घालतोय. रगडा काढायला गेलो होतो,
चौघांनी ओढला, हलला नाही.
राहू दे म्हटलं.

उत्तर आवाजात आलं. मागे वॉशिंग मशीन फिरत होतं.
"चलयेक सांग, सुकतीक होडें खाजनाच्या बांदाकडेन घुंवता,
दोरी एक हात आखूड दवर."
मग बराच वेळ नुसतं मशीन.
मग, "आनी खुणो कोण हाडटा?"

मी वही मिटली.
यंदाच्या शेवटच्या शर्यतीत शेवटचं यायला कोणी तयार नव्हतं.
दोन होड्या रेषेपाशी भांडल्या, कोण मागे होतं यावरून,
मग जेवणं झाली, मग अंधार,
आणि तीन नारिंगी फुगे बुधवारपर्यंत
भरतीला वर तोंड, ओहोटीला खाली तोंड करत
नदीतच उभे होते.
हे त्याला अद्याप
कळविण्यात आलेलं नाही.