दोन तास

वूचच्या गिरणीत एकेचाळीस वर्षं
सूत रंगवलं बोगुमिलनं.
नखांतली निळाई निवृत्तीनंतर सुटली,
मूत्राशयात मात्र काहीतरी रुजून बसलं.

आता दर मंगळवारी नर्स एवेलिना
बारीक नळीतून ढगाळ पाणी आत सोडते.
क्षयाच्या जातीचे जंतू, म्हणते. जिवंत,
पण दात पाडलेले.

क्षय.
धाकटी ल्युदका त्यातच गेली, नवव्या वर्षी.
तिचा कप आई वेगळा उकळायची.

“दोन तास धरून ठेवा हं, आजोबा.
डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं, मग पाठीवर,
मग उजव्या, मग पालथे.”
तो वळत राहतो,
हौदातल्या लडी फिरवायचा तसा,
रंग कुठे कमी बसू नये म्हणून.

घरी संडासात ब्लीच ओततो,
झाकण लावतो, घड्याळ बघतो.

रात्री अंग फणफणतं, दात वाजतात.
बायको फोनकडे धावते.
“थांब जरा,” तो म्हणतो,
“आत कुणीतरी उठलंय.
दिवे लावत एकेक खोली बघतंय.”

आणि बऱ्याच वेळानं, भिंतीकडे तोंड करून:
“ल्युदकाच्या कपाला निळी कड होती.”