आठ मिलिमीटर

दुपारी अडीचला कलशेट्टी सरांचा फोन.
"यन्नम, गच्चीवर स्फोट झालाय."
मी म्हटलं, सिलिंडर?
"सिलिंडर कुठला बे. तुझी फरशी."

जुळे सोलापूर, मे महिना, पारा चव्वेचाळीसवर.
गच्चीच्या मधोमध दोन फरश्या
डोक्याला डोकं लावून उभ्या,
पोरं पत्त्यांचा बंगला करतात तशा.
खालच्या पोकळीत हात घातला,
भट्टीतून काढावा तसा काढला.

दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेली.
सर तेव्हा पेपरची टोपी घालून खुर्चीवर:
"रेष दिसता कामा नये. आरसा पाहिजे मला."
दर दहा फुटाला एक सांधा मोकळा सोडू, मी सांगितलं होतं.
सांगितलं होतं म्हणजे एकदा. हळू आवाजात.
मग ॲडव्हान्स घेतला,
फरशीला फरशी भिडवली, कडा कठड्याला भिडवली,
पांढरं सिमेंट फासलं,
आणि खरंच, एक रेष दिसत नव्हती.

आता गुडघ्यांवर बसून नाण्यानं वाजवत गेलो.
टण, टण, टण, मग एकदम बद्द.
"माल खराब होता का?"
माल चांगला होता, सर.
ऊन चढलं की प्रत्येक फरशी इवलीशी फुगते,
तुमच्या-माझ्या डोळ्याला कळत नाही एवढी.
चाळीस फुटांत ते सगळं साठतं.
कठडा काही मागं सरकत नाही.
मग मधलीच कुणीतरी उठते.
तिची चूक नसते. तिला फक्त वर जागा सापडते.

महानंदाकाकू ताकाचा तांब्या घेऊन दारात होत्या.
पदर तोंडाशी नेला,
तो घाम पुसायला नव्हता.

आमचे नाना मागावर होते, अशोक चौकाच्या मागं.
शिव्या तेलुगूत द्यायचे, पैसे मराठीत मोजायचे.
ताणा जास्त ओढला तर म्हणायचे,
आता नाही तुटणार, तू जेवायला बसल्यावर तुटेल.
मी माग सोडला, कारण मला
न हलणारं काहीतरी पाहिजे होतं.
एकदा बसली की बसली, अशी वस्तू.

दुसऱ्या दिवशी सहालाच गेलो, फरशी निवलेली असताना.
ग्राइंडर लावला.
दर दहा फुटाला सरळ चीर, आठ मिलिमीटर,
कठड्याच्या कडेनं चारी बाजूंनी.
सरांनी तोंड फिरवलं,
दवाखान्यात टाके घालताना फिरवतात तसं.
धूळ ब्रशनं झाडली, फोमची दोरी दाबून बसवली,
दोन्ही काठांना कागदी पट्टी चिकटवली,
मग ट्यूब. राखाडी, दाट, शिक्रणासारखी सावकाश.

"दोरी कशाला घातलालाव?" काकू पहिल्यांदाच बोलल्या.
खोली मापात राहते. आणि रबर तळाला चिकटत नाही.
ह्याला दोनच कडा धरायच्या असतात, काकू.
तळालाही धरलं, तर ताणायला जागा उरत नाही. फाटतं.
"म्हणजे खाली मोकळंच?"
मोकळंच.
तांब्या त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.
आणखी काही विचारलं नाही.

साबणाच्या पाण्यात बोट बुडवून
एका दमात ओढलं, कठड्यापासून कठड्यापर्यंत.
पट्ट्या काढल्या. रेषा उभ्या राहिल्या, स्पष्ट.
"ह्या आता दिसतच राहणार?"
दिसणार, सर.
"किती वर्षं टिकेल?"
सात-आठ. मग खरवडून परत भरायचं.
"म्हणजे परत तूच येणार."
मी, नाहीतर दुसरा कुणी.

पैसे घेणार नव्हतो. अर्धे घेतले.

जिना उतरताना वरून आवाज आला,
काकूंचा, पण मी कधी न ऐकलेला:
"चोवीस तास पाय ठेवायचा नाही म्हणालाय तो.
कुणीच नाही."
वळून बघितलं.
सर दारात, एक पाय उंबऱ्यावर,
दुसरा हवेत.