कलम चौदा

कार्डिफच्या खाडीला ओहोटी. काचेपलीकडे चिखल,
चिखलात एक उलटी होडी.
आत समितीची खोली, पाच सभासद,
निवलेला चहा.

हेलेद प्रॉथरोच्या पेन्सिलीखाली कलम चौदा:
'मंत्र्यांना योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तसा,
नियमांद्वारे या कायद्यात बदल करता येईल.'

या कायद्यात.
म्हणजे कुलूप आज आपण बसवायचं
आणि कानस त्यांच्या खिशात.

खात्याचा वकील म्हणाला, नेहमीचीच शब्दयोजना आहे.
सभ्य माणूस. टायवर बारीक बदकं.
'मंत्रिमहोदय असं कधी करणार नाहीत.'
'हे नाही करणार,' हेलेद म्हणाली,
'पण जाताना खुर्ची घरी नेणार आहेत का?'

कुणीतरी खोकलं.
वेल्श मसुद्यात तर 'योग्य'सुद्धा गळलं होतं,
नुसतंच 'वाटेल'.

आठवड्याने अहवाल. परिच्छेद एकतीस:
'करता येईल'च्या आधी घाला
'सभागृहाच्या मंजुरीनेच'.
दोन शब्द. वर्तमानपत्रात एकही नाही.

तिच्या गावावर जुन्या खाणीच्या राडारोड्याचा डोंगर आहे.
कायदा त्याच्यासाठीच.
रात्री स्टेशनवरून भिजत घरी जाताना
ती मान वर करते,
अंधारात काही दिसत नाही तरी.