अकरावा बांबू

बर्बीसच्या किनाऱ्यावर समुद्र शेतापेक्षा उंच आहे,
मधे नुसता एक बांध.
तिथे आमचं घर, लाकडी खांबांवर.
ते विकायला मी टोरांटोहून आले
नऊ दिवसांच्या रजेवर.

गिऱ्हाईक मिळालं : कार्ल्टन फोर्ड,
बॉक्साइटच्या खाणीतून निवृत्त.
त्यानं पायऱ्या ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला,
मग अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं :
"आणि हे?"

हे म्हणजे आमच्या झंड्या.
अकरा बांबू.
काहींवर फडकी, काहींवर फडक्यांच्या चिंध्या,
काहींवर नुसती सुतळीची गाठ.

ऑफिसात कुणी विचारलं तर मी धडाधड सांगते :
बांबू म्हणजे पाठीचा कणा, पेरं म्हणजे चक्रं,
लाल मारुतीचा, पांढरा सरस्वतीचा.
हे सगळं मी तिकडे गेल्यावर वाचलं.
बाप एवढंच म्हणायचा,
पूजा झाली की झंडी लावायची.
का?
पूजा झाली म्हणून.

शेजारची सुकवारिया मावशी कोयता घेऊन आली,
एकेका बांबूला हात लावत गेली,
उधारीची वही वाचावी तशी :
हा तुझ्या जन्माचा.
हा पाणी तिसऱ्या पायरीवरून परतलं, त्या सालचा.
हा तुझ्या भावाच्या पासपोर्टचा.
हा त्याचे फोन बंद झाले तेव्हाचा.
(रंग दोन्हींचा एकच.)
हा तुझ्या आईच्या पोटातल्या गाठीचा,
लावला, आणि आठव्या दिवशी ती गेली,
तरी बिसेसरनं उपटला नाही.

मळ्यावरच्या लांबलचक बराकीत, म्हणे,
सगळी दारं सारखी होती.
तिचा पणजा सांगायचा,
ऊस तोडून अंधारात परतताना
आपलं दार कळावं म्हणून पहिला बांबू रोवला.
खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक.
"पण देवालाही," मावशी म्हणाली,
"एवढं काळं पाणी ओलांडून यायचं,
तर घर सापडायला नको?"

दहा झाले.
अकरावा कुंपणाला टेकून,
शेवाळलेला, आत मुंग्या.
मावशीनं बोटं मोजली, पुन्हा मोजली.
"हा मला माहीत नाही."
पंडितजींना फोन केला, त्यांनी डायऱ्या काढल्या.
तुमच्याकडे एवढ्या पूजा मी केल्याच नाहीत, म्हणाले.

म्हणजे बापानं एकट्यानं केलं हे.
मंत्र कुणी म्हटले? त्याला तर निम्मेच येत होते.
काय मागितलं असेल, एवढं गुपचूप,
आणि मिळालं का?

दहा बांबू मी ओहोटीला नेले.
आधी तांब्यानं धार दिली, दूध, पाणी, दोन जास्वंदी,
आंब्याच्या पानानं शिंपडलं,
गंगा म्हटलं त्या अटलांटिकला.
गढूळ तर दोघी आहेत.
बांबू थोडं गेले, थोडं परत आले, मग गेले.

अकराव्याला दोन्ही हात लावले
आणि काढून घेतले.

फोर्डला म्हटलं, हा राहील,
हवं तर पैसे कमी कर.
त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.
"मी शनिवारी चर्चला जाणारा माणूस, थेंबही पीत नाही.
पण माझा बाप पाया खणायच्या आधी
जमिनीला रम पाजायचा.
का, ते मी कधी विचारलं नाही."
पैसे त्यानं ठरले तेवढेच मोजले.

टॅक्सीत बसता बसता मागे पाहिलं :
फोर्ड कपडे वाळवायची दोरी बांधत होता.
एक टोक खांबाला बांधलं,
दुसरं घेऊन बांबूपर्यंत गेला,
थांबला,
आणि वळसा घालून
आंब्याच्या झाडाकडे गेला.
दोरी पुरत नव्हती.
तो आत गेला, दुसरी शोधायला.